पीळ, पुंगळी आणि गोळी

१९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या रानात जॉन नॉस्लर यांच्यापुढे एक दांडगा मूस उभा होता. चिखलात लोळून आलेला, अंगभर वाळलेल्या गाळाची पुटं चढलेला. नॉस्लर यांचा धंदा ट्रकवाहतुकीचा, हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम ही जोरकस रायफल. गोळ्या लागत होत्या, पण जनावर पडेना. इतक्या वेगाने आदळणारी गोळी चिखल-कातड्यापाशीच फुटून जात होती. नेम बरोबर होता, गोळीची निवड फसली होती.

घरी परतल्यावर त्यांनी लेथवर नवी गोळी घडवायला घेतली. तांब्याच्या मिश्रधातूची सळई दोन्ही टोकांकडून पोखरायची, मधे धातूचा पडदा राखायचा आणि दोन्ही पोकळ्यांत शिसं भरायचं. पुढचं शिसं आदळताच उमलावं, मागचं पडद्याआड शाबूत राहून आत शिरत जावं, ही कल्पना. १९४७मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्राने याच गोळ्यांनी मूस मारले. १९४८मध्ये कारखाना सुरू झाला. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी आजही विकली जाते.

अमेरिकेत काडतुसं घरच्या टेबलावर भरणाऱ्यांची मोठी जमात आहे. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायचा, दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीतही दारूचं माप शिकाऱ्याच्याच हाती असे. इथे मात्र माप ग्रेनमध्ये चालतं. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आणि हे लोक त्याचाही दहावा हिस्सा तोलतात.

एवढ्या तोलण्याआधी गोळी ठरवावी लागते, आणि नेमका तिथेच मोह आडवा येतो. कागदी लक्ष्यावर सर्वांत जवळजवळ छिद्रं पाडणारी गोळी शिकारीलाही उत्तम, असं वाटणं साहजिक आहे. पण ‘सिएरा मॅचकिंग’सारखी स्पर्धेची गोळी पातळ कवचाची असते. ती शरीरात कशी वागेल याचा भरवसा नसल्याने कंपनी स्वतःच तिची शिकारीसाठी शिफारस करत नाही. हरणाच्या छातीतली मर्माची जागा वितभर रुंद असते. शंभर यार्डांवर दीड इंचात बसणारी, पण ठरल्यासारखी उमलणारी गोळी तिथे अर्ध्या इंचात बसणाऱ्या बेभरवशाच्या गोळीपेक्षा कितीतरी चांगली. जखमी जनावर झाडीत निघून जाणं ही शिकारीतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती टाळायचं काम याच टेबलावर सुरू होतं.

गोळी जनावराला शोभली तरी नळीला रुचली पाहिजे. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा गोळीला भोवऱ्यासारखी गरगर देतात. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचं सोपं सूत्र दिलं होतं. त्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हे रेमिंग्टन कंपनीने चांगलंच अनुभवलं. १९५५मध्ये जवळपास सारख्याच ताकदीची दोन काडतुसं बाजारात आली. .२४३ विंचेस्टरच्या नळीत दर १० इंचांना एक वेढा होता, .२४४ रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांना. रेमिंग्टनने हलक्या गोळ्या धरून हिशोब केला होता. गिऱ्हाइकाला हरणासाठी १०० ग्रेनची लांब गोळी हवी होती, आणि सैल पिळात ती स्थिर राहील याची खात्री नव्हती. विंचेस्टर घरोघर पोहोचली. १९६३मध्ये रेमिंग्टनला तेच काडतूस ९ इंची पिळासह ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ या नव्या नावाने आणावं लागलं, पण गेलेलं गिऱ्हाईक फिरकलं नाही.

आता दारू. १८८४मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने धूर न करणारी दारू बनवली. तेव्हापासून प्रश्न जळण्याच्या गतीचा झाला. लहान पुंगळी आणि हलकी गोळी असेल तर जलद जळणारी दारू, मोठी पुंगळी आणि जड गोळी असेल तर संथ. मोठ्या पुंगळीत जड गोळीमागे जलद दारू भरली, तर दाब इतका चढू शकतो की रायफल फुटून माणूस जायबंदी होईल. म्हणून दारूचं माप छापील पुस्तिकेतूनच घ्यायचं, सुरुवात तिथल्या सर्वांत कमी मापापासून करायची, आणि दोन दारू कधीही मिसळायच्या नाहीत. पुंगळी बऱ्यापैकी भरणारी दारू बहुधा सारखा वेग देते, कारण आत तिला इकडेतिकडे सरकायला जागा उरत नाही. जानेवारीच्या बर्फात आणि सप्टेंबरच्या उन्हात तीच दारू वेगळी वागू शकते, त्यामुळे ज्या हवेत शिकार करायची त्या हवेत बार तपासणं शहाणपणाचं.

या छंदाला बाळसं आणलं ते कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकी सरकारकडे ४८९५ क्रमांकाची दारू पडून राहिली. सैन्याच्या गॅरंड रायफलच्या काडतुसांत भरली जाणारी ही दारू हॉजडन यांनी ५०,००० पौंड विकत घेतली, रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली आणि मासिकात छोटी जाहिरात दिली. स्वस्त आणि मवाळ स्वभावाची ती दारू कितीतरी घरांत पोहोचली.

अलीकडे गोळीच्या निवडीत एक पक्षी आला आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात, ते खाऊन कॅलिफोर्नियाचे काँडॉर विषबाधेने मरू लागले. १९८२मध्ये जगात अवघे २२ काँडॉर उरले होते. जनावरांच्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपल्याकडची गिधाडं कशी संपत आली, हे पाहिलेल्याला त्यामागची कळ वेगळी सांगावी लागत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिसं पूर्णपणे बंद झालं.

त्यामुळे निखळ तांब्याची गोळी आता अनेकांच्या टेबलावर आली आहे. बार्न्स कंपनीने तशी गोळी १९८९मध्येच आणली होती. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत दारूची जागा खाते आणि घट्ट पीळ मागते. म्हणून बरेच जण वजनाने एक पायरी हलकी गोळी घेतात, तांब्यासाठी छापलेलं वेगळं माप उघडतात आणि तराजूवर पहिला दाणा ठेवण्यापूर्वी नळीचा पीळ मोजतात.