बिनतारी जाळ्याची आखणी : स्विचिंग की राउटिंग?

कांदिवली पश्चिमेतील चारकोपची वसाहत मुंबई नागरी विकास प्रकल्पातून १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साह्याने उभी राहिली. लहान भूखंड, त्यांच्यामध्ये सामाईक चौक आणि सुमारे ३५ भूखंडांची एकेक सहकारी गृहनिर्माण संस्था अशी तिची मूळ रचना होय. अशा वसाहतीत बिनतारी जाळे पसरावयाचे झाल्यास, सर्व संस्था एकाच स्विचिंग-क्षेत्रात गुंफाव्यात की प्रत्येक संस्थेच्या सीमेवर राउटर ठेवावा, हा प्रश्न आरंभीच सोडवावा लागतो.

स्विच हा उपकरणाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता पाहून चौकट पुढे पाठवितो. परंतु सर्वांना उद्देशून निघालेली चौकट त्याला क्षेत्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचवावीच लागते. राउटर आयपी पत्ता पाहतो आणि अशी हाक आपल्या सीमेवर थोपवितो. तारेच्या जाळ्यात या भेदाची किंमत अल्प असते. बिनतारी जाळ्यात मात्र ती मोठी असते. कारण तेथे माध्यम सामाईक असून सर्वोद्देशी चौकट बहुधा सर्वांत मंद वेगांपैकी एका वेगाने पाठविली जाते.

उदाहरणार्थ, २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात सेकंदास १ मेगाबिट या वेगाने ६४ बाइटांच्या पत्ताशोधक चौकटीला ५१२ मायक्रोसेकंद व तिच्या प्रारंभिक संकेतांना १९२ मायक्रोसेकंद, म्हणजे एकूण सुमारे ०.७ मिलिसेकंद लागतात. समजा, एका संस्थेत ३५ घरे, प्रत्येक घरी ४ उपकरणे आणि प्रत्येक उपकरणाची दर दहा सेकंदांस एक हाक. सेकंदास १४ चौकटी झाल्या. वाहिनीचा सुमारे १ टक्का काळ त्यांत खर्च होतो. दहा संस्था स्विचिंगने जोडल्यास हेच प्रमाण १० टक्क्यांवर जाते. एकाच वाहिनीवरील तीन प्रक्षेपककेंद्रे एकमेकांच्या श्रवणकक्षेत असतील, तर ते ३० टक्के होते; आणि उपयुक्त माहितीचा एक बिटही अद्याप वाहिलेला नसतो.

दोषाचा प्रसारही असाच होतो. एका घरी चुकीच्या छिद्रात जोडलेले उपकरण पत्ते वाटू लागले, तर स्विचिंग-क्षेत्रातील दहाही संस्थांचे व्यवहार बंद पडू शकतात; राउटर असल्यास हानी एका संस्थेपुरती राहते. शिवाय इथरनेटच्या चौकटीत आयुर्मर्यादेचा अंक नसतो. म्हणून वर्तुळ निर्माण झाल्यास चौकट अखंड फिरत राहते. त्यासाठी वर्तुळ-प्रतिबंधक व्यवस्था आवश्यक ठरते. आयपी पॅकेटमध्ये हा अंक प्रत्येक राउटरगणिक घटत जातो.

तथापि राउटिंग सर्वत्र श्रेयस्कर आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. फोनवर बोलत चौक ओलांडणाऱ्या मनुष्याचे उपकरण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाते. मध्ये राउटर असल्यास उपकरणाचा आयपी पत्ता बदलतो आणि सामान्यतः चालू संभाषण तुटते. स्विचिंगमध्ये पत्ता कायम राहतो. राउटिंगला पत्त्यांची पूर्वयोजना व जाणकार देखभालही लागते.

म्हणून सीमा कोठे आखावी, हाच खरा प्रश्न होय. जेथे माणसे संभाषण चालू ठेवून फिरतात तेथे स्विचिंग, आणि जेथे एकाचा दोष दुसऱ्यास बाधू नये तेथे राउटिंग. चारकोपच्या रचनेत ही सीमा नगररचनाकारांनी पूर्वीच आखून ठेविली आहे : चौकाच्या आत स्विचिंग, संस्था-संस्थांमध्ये राउटिंग.