गेटवरचा माणूस

पहाटे 5.30. सुपा एमआयडीसीतल्या एका कंपनीचं गेट. रात्रपाळीचे वॉचमनमामा पाळी संपवून बाहेर आलेत. याच पट्ट्यात त्यांची ज्वारी उभी असायची, मग जमीन संपादनात गेली. माझी छोटी फिल्म त्यांच्यावर आहे. बसची वाट बघताना मामा बुटाच्या टोकानं कडेची माती सारखी करतात, वाफ्याचा बांध नीट करावा तशी. मी कॅमेरा चालूच ठेवतो.

सकाळी 9. लग्नाची ऑर्डर. दोन कॅमेरे, ड्रोन, गिंबल. घर यावरच चालतं, म्हणून या कामाला मी कधी कमी लेखत नाही. अक्षता पडताना नवरीच्या आईचा चेहरा हुकला तर तो पुन्हा मिळत नाही. माझा डोळा इथंच तयार झाला.

दुपारी 3. पंगत उठता उठता फोन. फिल्मला पैसे लावू म्हणणारे एक गृहस्थ : "मामांना तरुण पोरगी दाखवा, तिचं प्रेम, दोन गाणी. मग बोलू." मी नाही म्हणालो.

पैसा मला नकोय असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, पण 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ तिकीट लावूनच दाखवला. माझ्याच जिल्ह्यातल्या भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’ या सिनेमासाठी जमीन विकली. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2015 मध्ये तो थिएटरात लागला. दोघांनाही प्रेक्षक हवाच होता. पण दोघांनी आधी स्वतःचं पणाला लावलं, गल्ला मागून आला. या गृहस्थांचा गल्ला आधी ठरलाय, आणि त्यात मामांना जागाच उरत नाही.

रात्री 11. लग्नाचं एडिटिंग उरकून मामांची फाईल उघडतो. मातीचा शॉट 40 सेकंदांचा आहे. लग्नाच्या व्हिडिओत तीन सेकंदांपुढं शॉट टिकत नाही, त्यामुळे हात आपोआप कट मारायला जातो. आवरतो. पूर्ण शॉट ठेवला.

12.30. मशीन बंद. पण सिनेमा बनवून भागत नाही, तो लागायलाही हवा. कऱ्हाडेंचाच ‘टीडीएम’ एप्रिल 2023 मध्ये लागला तेव्हा त्याला पुरेसे शो मिळेनात. शेवटी जूनमध्ये तो पुन्हा लावावा लागला. तेव्हा मंडळी, चांगला मराठी सिनेमा लागला की पहिल्याच शनिवार-रविवारी जा. पुढच्या आठवड्यात तो थिएटरात असेलच असं नाही.