अवकाश स्थानकाकडील मानवयुक्त उड्डाण : पूर्वतयारी

पृथ्वीभोवती कक्षेत फिरणाऱ्या अवकाश स्थानकाकडे मानवयुक्त यान पाठविण्यापूर्वी यात्री, यान, रॉकेट, स्थानक आणि भूकेंद्रे सज्ज करण्यासाठी जी कार्ये करावी लागतात, त्या सर्वांचा या पूर्वतयारीत समावेश होतो. प्रत्यक्ष उड्डाण थोड्या दिवसांचे असले, तरी तयारीस दीर्घ काळ लागतो. राकेश शर्मा यांच्या आठ दिवसांहून किंचित कमी काळाच्या प्रवासामागे (१९८४) सु. दीड वर्षाचे प्रशिक्षण होते. तर शुभांशू शुक्ला यांच्या सु. २० दिवसांच्या प्रवासापूर्वी (२०२५) त्यांच्या निवडीस सु. सहा वर्षे होऊन गेली होती. या काळाचा बराच मोठा भाग संभाव्य बिघाडांना तोंड देण्याच्या सरावात जातो. कारण कक्षेत असताना बाहेरून तातडीची मदत मिळणे जवळजवळ अशक्य असते.

निवड : प्रारंभीच्या काळात अवकाशयात्री मुख्यतः लष्करी वैमानिकांतून निवडले गेले. वेगवान विमानाचे नियंत्रण, शरीरावर पडणारा प्रवेगाचा ताण आणि क्षणार्धात निर्णय घेण्याची सवय या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. भारतानेही हेच धोरण स्वीकारले. शर्मा आणि शुक्ला या दोघांच्याही लष्करी शिक्षणाचा पाया पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घातला गेला. शर्मा १९६६ मध्ये तेथे दाखल झाले. ‘गगनयान’ कार्यक्रमासाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला हे चौघेही याच प्रबोधिनीचे माजी छात्र होत. निवडीपूर्वी उमेदवारांची हृदय, रक्ताभिसरण, दृष्टी, अंतर्कर्ण व मनःस्थिती यांची कसून तपासणी होते. शर्मा यांना बंगळूर येथे कृत्रिम प्रकाशाच्या बंद खोलीत ७२ तास एकटे ठेवण्यात आले होते; बंदिस्त जागेची भीती वाटते की काय, हे पाहणे हा त्यामागील हेतू होता.

शारीरिक प्रशिक्षण : सोयुझ यानाच्या उड्डाणात यात्रीवर गुरुत्वाच्या सु. तीन ते चार पट आणि नेहमीच्या परतीच्या मार्गात चार ते पाच पट भार पडतो. यान नियंत्रित मार्ग सोडून तीव्र उताराने खाली आल्यास हा भार आठ ते नऊ पट होतो. म्हणून मोठ्या फिरत्या बाहूच्या टोकास बसविलेल्या कक्षात यात्रीला गरगर फिरवून हा ताण सोसण्याची सवय करतात. वजनरहित अवस्थेचा अनुभव देण्यासाठी विमान अन्वस्ताकार मार्गाने नेतात. प्रत्येक फेरीत ही अवस्था सु. २५ ते ३० सेकंद टिकते. यानाबाहेरील कामाचा सराव खोल जलाशयात बुडविलेल्या स्थानकाच्या प्रतिकृतीवर करतात. कक्षेत पोहोचताच अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते व मळमळ होते. तिची तीव्रता कमी व्हावी म्हणून फिरत्या खुर्चीवरील व्यायाम दिले जातात.

तांत्रिक प्रशिक्षण : शर्मा व त्यांचे पर्यायी यात्री रवीश मल्होत्रा यांचे प्रशिक्षण मॉस्कोजवळील युरी गागारिन केंद्रात झाले. यानातील सूचना, फलकावरील अक्षरे आणि नियंत्रणकक्षाशी होणारे संभाषण रशियन भाषेत असल्याने प्रथम ती भाषा आत्मसात करावी लागली. त्यानंतर यानाच्या प्रतिकृतीत बसून उड्डाणाचा प्रत्येक टप्पा पुनःपुन्हा गिरवला गेला. प्रशिक्षक पूर्वसूचना न देता दाब घटविणे, धूर सोडणे, संगणक बंद पाडणे असे कृत्रिम बिघाड घडवून आणतात आणि पथकाचे वर्तन तपासतात. यान भलत्याच ठिकाणी उतरल्यास तग धरता यावा म्हणून बर्फाळ जंगलात व पाण्यातही सराव होतो.

स्थानकाशी जोडणी : स्थानक सेकंदाला सु. ७·७ किमी. वेगाने फिरत असल्याने त्याचे कक्षाप्रतल प्रक्षेपणतळावरून जात असेल, तेव्हाच उड्डाण करणे सोयीचे ठरते. मग यान हळूहळू कक्षा उंचावीत स्थानकाजवळ पोहोचते. शर्मा यांचे सोयुझ टी–११ हे यान ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूर येथून निघून दुसऱ्या दिवशी सॅल्यूट–७ स्थानकाशी जोडले गेले. शुक्ला यांच्या यानास या टप्प्यासाठी सु. २८ तास लागले. यात्री येण्यापूर्वी स्थानकावर मोकळे जोडद्वार, पुरेसा प्राणवायू, अन्न व पाणी असणे आवश्यक असते. शर्मा यांचे पथक ११ एप्रिल रोजी परतले ते आधीच स्थानकाशी जोडलेल्या सोयुझ टी–१० यानातून; त्यामुळे दीर्घकाळ तेथे राहणाऱ्या पथकासाठी नवे यान शिल्लक राहिले. प्रत्येक यात्रीच्या शरीराच्या मापाने घडविलेले आसनाचे अस्तर अशा वेळी एका यानातून दुसऱ्या यानात हलवावे लागते.

सुरक्षाव्यवस्था : या क्षेत्रातील अनेक नियम अपघातांतून घडले आहेत. जून १९७१ मध्ये सॅल्यूट–१ वरून परतताना सोयुझ–११ यानातील एक झडप अवेळी उघडली, हवा निघून गेली आणि तिन्ही यात्री मृत्यू पावले. त्यांच्या अंगावर दाबयुक्त पोशाख नव्हते. पुढे सोयुझच्या यात्रींना उड्डाणात व परतीच्या वेळी असे पोशाख घालणे सक्तीचे झाले. २६ सप्टेंबर १९८३ रोजी बैकानूर येथे प्रक्षेपणापूर्वी थोडाच वेळ रॉकेटच्या तळाशी आग लागली. विमोचन-रॉकेटाने यात्रीकक्ष खेचून दूर नेला व पाठोपाठ मुख्य रॉकेटाचा स्फोट झाला. कक्षातील व्लादिमीर तितोव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह बचावले. हेच स्त्रेकालोव्ह सहा महिन्यांनंतर शर्मा यांच्यासमवेत उड्डाण-अभियंता म्हणून पुन्हा रॉकेटावर चढले.

पर्यायी पथक : मुख्य पथकाबरोबर दुसरे पथकही तेवढ्याच कसोशीने तयार केले जाते. स्त्रेकालोव्ह यांची नेमणूक मूळ अभियंता निकोलाय रुकाविष्निकोव्ह आजारी पडल्याने झाली होती. मल्होत्रा यांनी शर्मा यांच्याइतकेच प्रशिक्षण घेतले, पण त्यांना उड्डाणाची संधी मिळाली नाही. २०२५ च्या मोहिमेत नायर यांच्याकडे हीच पर्यायी यात्रीची भूमिका होती. प्रत्यक्ष न उडालेल्या यात्रीचे श्रम वाया जात नाहीत. ऐन वेळी मोहीम रद्द करावी लागू नये, याची हमी त्यातून मिळते.

प्रक्षेपणाचा निर्णय : अखेरच्या काही आठवड्यांत संसर्ग टाळण्यासाठी पथकास विलग ठेवतात. शुक्ला यांचे पथक २५ मे २०२५ पासून विलगीकरणात होते. ११ जूनचे नियोजित उड्डाण फाल्कन–९ रॉकेटात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळल्याने पुढे ढकलले गेले. त्यानंतर स्थानकाच्या ‘झ्वेझ्दा’ विभागातील हवागळतीच्या दुरुस्तीनंतर दाबाची तपासणी करण्यासाठी पुन्हा वेळ घेण्यात आला. उड्डाण अखेर २५ जून रोजी झाले आणि पथक १५ जुलै रोजी समुद्रात सुखरूप उतरले. अशा प्रसंगी जनतेची उत्सुकता, खर्च व वेळापत्रक यांचे दडपण असते. ते बाजूस सारून थांबण्याचा निर्णय घेता येणे, हे सिद्धतेचेच एक लक्षण मानले जाते.

भारतीय कार्यक्रम : परकीय यानांतून केलेल्या प्रवासात यात्रीचे प्रशिक्षण साधते, परंतु यान, रॉकेट व सुटकेची व्यवस्था दुसऱ्या देशाची असते. ‘गगनयान’ कार्यक्रमात ही सर्व जबाबदारी भारताने स्वतःवर घेतली. यात्रीकक्ष रॉकेटापासून सोडविण्याची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे झाली. मानवयुक्त उड्डाणाआधी मानवरहित उड्डाणे करण्याचे ठरविण्यात आले. स्थानक उभारण्यासाठी आवश्यक असे यानजोडणीचे तंत्र ‘स्पेडेक्स’ प्रयोगात १६ जानेवारी २०२५ रोजी साध्य झाले. भारतीय स्थानकाचा पहिला विभाग २०२८ मध्ये आणि संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. अवकाश कार्यक्रमाच्या औद्योगिक बाजूसही पुणे जिल्ह्याचा हातभार लागला असून इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथील कारखाना भारतीय रॉकेटांसाठी मोटरींची आवरणे बनवीत आला आहे. अशा आवरणातील एका सांध्याचा दोषही उड्डाणास घातक ठरू शकतो; म्हणून यात्रीची पूर्वतयारी त्याच्या निवडीच्या कितीतरी आधी, कारखान्यातील तपासणीपासूनच सुरू होते.