शाळेच्या पैशासाठी लागणारा पैसा

28 नोव्हेंबर 2001 रोजी लोकसभेत शिक्षणहक्काच्या घटनादुरुस्तीचे विधेयक मंजूर झाले, त्या दिवशी देशभरातून आलेले हजारो पालक दिल्लीत रस्त्यावर होते. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावा ही त्यांचीच मागणी होती. पण विधेयकाने सहा वर्षांखालच्या मुलांना वगळले होते आणि पैशाच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. तपस मजुमदार समितीने 1999 मध्ये हिशेब मांडला होता की प्रत्येक मूल शाळेत आणायचे तर दहा वर्षांत सुमारे 1 लाख 37 हजार कोटी रुपये जादा लागतील. विधेयकासोबत जोडलेल्या वित्तीय टिपणात आकडा होता 98 हजार कोटी. एवढ्या मोठ्या तफावतीवर बोट ठेवायला कुणालातरी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात आणि वाचणाऱ्याला महिनाअखेर पगार द्यावा लागतो.

हा मोर्चा काढणाऱ्या 'नाफ्रे' या संघटनांच्या आघाडीच्या पाठीशी 'क्राय' ही संस्था होती. रिपन कपूर या विमानसेवेत काम करणाऱ्या तरुणाने 1979 मध्ये मित्रांना घेऊन मुंबईत ती सुरू केली, हाताशी होते 50 रुपये. पुढे शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून ती घराघरांत पोचली. दिवाळीला, नववर्षाला ती कार्डे विकत घेणाऱ्या कुटुंबांनी आपण शिक्षणाच्या घटनादुरुस्तीला हातभार लावतो आहोत असा विचार केला नसेल. लावला मात्र होता.

मुलांच्या शिक्षणावर सरकारने जास्त खर्च करावा, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. 1882 मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी ते पडले. विरोधाच्या कारणांत खर्चाचे कारण ठळक होते. पुढे कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत, असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. 1985-86 पर्यंत गाठायचे ते सहा टक्के 2020 च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा ध्येय म्हणूनच छापले गेले.

1990 नंतर मागणीची रीत बदलली. गुजरातमधल्या 'दिशा' संस्थेने राज्याचा अर्थसंकल्प उघडून आदिवासींच्या वाट्याचा पैसा शोधायला सुरुवात केली आणि त्यात सरकारच्या बेरजेच्या चुकाही दाखवून दिल्या. दिल्लीत 'हक' या संस्थेने केंद्राच्या अंदाजपत्रकात मुलांचा वाटा किती, हे वर्षानुवर्षे मोजले. मुंबईत 'समर्थन'ने राज्याच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास आमदारांपर्यंत नेला. मला या काळाचे सर्वांत जास्त मोल वाटते.

हे काम नेमके काय असते? शिक्षणाच्या खर्चाचे लेखाशीर्ष 2202. त्याखाली प्राथमिक, माध्यमिक अशी उपशीर्षे, त्याखाली योजना, त्याखाली पगार, प्रवासखर्च, साहित्य. प्रत्येक ओळीसमोर मागच्या एका वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, मग सुधारित अंदाज. गोम या शेवटच्या दोन रकान्यांच्या मध्ये असते. मार्चमध्ये टाळ्या घेऊन गेलेली तरतूद सुधारित अंदाजात खाली येते आणि तोवर सभागृहाचे लक्ष पुढच्या वर्षाकडे गेलेले असते. पगार वजा केल्यावर शाळेच्या छपरासाठी, स्वच्छतागृहासाठी काय उरले, हे त्या ओळी चाळल्याशिवाय कळत नाही. चाळायला माणूस लागतो, आणि तो दहा वर्षे टिकावा लागतो, कारण एका वर्षाच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

या चिकाटीला फळ आले. 2008-09 पासून केंद्र सरकार मुलांवरील तरतुदींचे स्वतंत्र विवरणपत्र अर्थसंकल्पासोबत छापू लागले. 2004 मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर लागू झाला, 2007 मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का आला, आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. पण जमा झाले ते पोचलेच असे नाही. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरातून 2006-07 ते 2016-17 या काळात आलेले 83,497 कोटी रुपये त्यासाठीच्या वेगळ्या निधीत गेलेच नाहीत, असे महालेखापरीक्षकांनी 2017 मध्ये नोंदवले. तो निधीच तोवर उभा नव्हता.

आणि त्यानंतर अर्थसंकल्प वाचणाऱ्यांचा पैसा आटत गेला. अशा कामाला परदेशी प्रतिष्ठानांचा मोठा आधार होता. 2020 मध्ये विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि मिळालेले अनुदान दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण बंदी आली. पहिल्या अटीने कचेरी चालवणे कठीण केले. दुसरीचा घाव त्याहून खोल गेला. दिल्ली-मुंबईतल्या संस्थेने अनुदान घ्यायचे आणि जिल्ह्यातल्या छोट्या संघटनेपर्यंत पोचवायचे, या साखळीवरच आघाड्या उभ्या होत्या.

देशी पैसा नाही असे नव्हे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आणि त्यातला मोठा वाटा शिक्षणाकडे जातो. पण तो बाक, टॅब, रंगकाम यांकडे वळतो. बाकावर नाव घालता येते, आमदाराच्या तारांकित प्रश्नावर घालता येत नाही. शिवाय सरकारला जाब विचारणाऱ्याच्या शेजारी उभे राहायला कंपन्या कचरतात. कितीही दानशूर झाल्या तरी कंपन्या राज्यातल्या सगळ्या शिक्षकांचे पगार देऊ शकणार नाहीत. ते सरकारनेच द्यायचे आहेत, आणि सरकारकडून ते नीट वसूल करणाऱ्यांना आज पाठबळ नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ शाळेला वह्या-दप्तरे देता, ती जरूर द्या. त्यातला काही भाग दरवर्षी, न चुकता, अर्थसंकल्प वाचणाऱ्या एखाद्या संस्थेला द्या, आणि कुठल्याही एका प्रकल्पाची अट त्याला घालू नका.