मुदतीची शर्यत

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात ऐन हिवाळ्यात सरोवरांवरचा बर्फ इतका जाड होतो, की मासेमारीचे शौकीन त्यावर खुशाल मोटारी नेतात आणि बर्फाला भोके पाडून गळ टाकून बसतात. उन्हाळ्यात ज्या पाण्यात पोहण्याच्या शर्यती लागतात तेच पाणी असे वाहनांचा भार पेलू लागले, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे या तिहींचा सलग कस पाहणाऱ्या ट्रायथलॉनचा हंगाम साहजिकच बंद पडतो. आणि ही अडचण ओळखून व्यायामशाळांनी ती शर्यत छपराखाली घेतली तेव्हा तिच्या मोजमापाचा पायाच त्यांना उलटा करावा लागला.

मूळ खेळ अंतराचा. २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मिशन बेच्या काठी ४६ स्पर्धक ज्या शर्यतीस उतरले तेथपासून, १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या आणि ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व त्यावर अखंड मॅरेथॉन असा अचाट पल्ला मागणाऱ्या ‘आयर्नमॅन’पर्यंत, आणि २००० साली सिडनीत ऑलिंपिकचा मान मिळालेल्या शर्यतीपर्यंत, पल्ला आधी ठरतो आणि तो कोण किती वेळात तोडतो एवढेच पाहिले जाते. गोव्यात मिरामारला २०१९ साली सुरू झालेली अर्ध-आयर्नमॅन शर्यतही याच जातकुळीची.

व्यायामशाळेत हा न्याय चालत नाही. तलावात लेन मोजक्या, सायकली मोजक्या; मंद गतीचा स्पर्धक पल्ला पुरा होईपर्यंत सायकल अडवून बसला तर मागच्या तुकडीने जावे कोठे? म्हणून पल्ल्याऐवजी मुदत बांधली गेली. मिनेसोटातच चॅनहॅसन येथे मुख्य कचेरी असलेल्या ‘लाइफ टाइम’ या व्यायामशाळांच्या साखळीने अवलंबिलेल्या बेताप्रमाणे दहा मिनिटे पोहणे, कपडे बदलण्यास दहा मिनिटे, तीस मिनिटे सायकल, पाच मिनिटांची उसंत आणि अखेर वीस मिनिटे धावणे, अशी वाटणी असते. एक तुकडी पाण्याबाहेर निघाली की दुसरी आत उतरते.

मोजणीचे काम मोठे पाहण्यासारखे असते. तलावाच्या कडेला स्वयंसेवक कागद-पेन्सिल घेऊन तैनात असतात. तेथील तलाव बहुधा २५ यार्डांचा, म्हणजे जेमतेम २३ मीटरांचा, आणि स्पर्धकाने समोरची भिंत गाठली की कागदावर एक रेघ पडते. मिनिटाला ५० यार्ड कापणाऱ्याच्या नावावर दहा मिनिटांत २० रेघा चढतात, दर खेपेस भिंतीशी दम खाणाऱ्या नवख्याच्या नावावर कदाचित दहाच. परंतु शिट्टी होताच दोघेही एकाच क्षणी थांबतात. उघड्यावरच्या शर्यतीत शेवटून पहिला येणारा गडी मांडव उतरवला जात असताना एकटाच पोचतो. येथे तो कोण, हे कागद तपासल्यावाचून कोणास कळतही नाही.

हिशेबाची खरी मेख मात्र पुढेच आहे. तीन अंतरांची निव्वळ बेरीज करावी, तर पोहण्यातला अर्धा किलोमीटर सायकलच्या पंधरा किलोमीटरांपुढे कस्पटासमान ठरतो. म्हणून प्रत्येक प्रकाराचे गुण वा क्रमांक स्वतंत्र लावून मग ते एकत्र करणेच न्याय्य. शिवाय स्थिर सायकलीवरचे किलोमीटर म्हणजे चाकाचे फेरे आणि त्यावरचा रोध यांवरून यंत्राने काढलेले अनुमान, आणि एका यंत्राचे अनुमान शेजारच्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. ट्रेडमिलवर समोरचा वारा कापावा लागत नाही. तिला एक टक्का चढ दिल्यास वेगाने धावणाऱ्याचे श्रम उघड्यावरच्या धावण्याएवढे भरतात, असे जोन्स व डाउस्ट या संशोधकांनी १९९६ साली दाखवले. वाऱ्याचा हाच अभाव दुसऱ्या बाजूने जाचक होतो: घाम वाळत नाही, नुसता निथळतो, अंग तापत जाते, आणि बाहेर पारा शून्याखाली असताना आतली मंडळी पंख्याच्या झोतातली सायकल पटकावण्यासाठी धडपडतात.

कट्टर मंडळींची तक्रार अशी, की घाण्याच्या बैलाप्रमाणे जागच्या जागी राबण्यास शर्यत कसे म्हणावे? लाटांचे भय, चढावाची दमछाक, ओल्या वळणावरची घसरण यांतले येथे काहीच नाही, हे खरेच आहे. परंतु मुदत बांधून अंतर मोजण्याची रीत क्रीडाक्षेत्रात चांगली कुलीन आहे. पुढे ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजने १८९३ साली पॅरिसच्या बुफालो मैदानावर एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल हाकली, आणि त्या तासाभराच्या विक्रमासाठी अव्वल सायकलपटू आजही जिवाचे रान करतात. व्यायामशाळेतील तिन्ही मुदतींची बेरीजही साठ मिनिटेच भरते. नवख्याला आणि निष्णाताला तो तास सारखाच मिळतो. आणि पुढल्या हिवाळ्यात त्याच तलावात, त्याच सायकलीवर आपण किती पुढे सरकलो याचा निवाडा करताना ऋतूची वा रस्त्याची सबब कोणालाच पुढे करता येत नाही.