बाजाराच्या रात्रीची वसुली

कर्ज बँकेचा अधिकारी देतो, अशी आपली समजूत असते. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत नोकरीची बरीच वर्षे काढलेल्या माझीही होती. ती ज्या बाईंनी उतरवली, त्यांचे नाव बँकेच्या एकाही कागदावर नाही.

१९९२ साली नाबार्डने देशातले ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. तारण नाही, जामीनदार नाही. गटाची शिल्लक आणि गटाची वही पाहून बचतीच्या चौपटीपर्यंत कर्ज द्यायचे. परिपत्रक वाचून आम्ही हसलो होतो. पुढे काही वर्षांनी साक्री तालुक्यातल्या पंधरा बायकांचा एक गट माझ्यापुढे आला. सगळ्या मजुरीवर जाणाऱ्या. बचत महिना प्रत्येकी २० रुपये. कर्ज दिले. पहिले दोन हप्ते उशिरा आले. तिसराही पाच तारखेला आला नाही, तेव्हा मी नोटीस काढायला सांगितली.

ती निघण्याआधीच गटाच्या सहयोगिनी एसटीने शाखेत आल्या. सहयोगिनी म्हणजे माविमने, अर्थात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, गट बांधायला नेमलेली त्याच भागातली कार्यकर्ती. मानधन तुटपुंजे, गावे मात्र डझनावारी. बाईंनी वही उघडली नि म्हणाल्या, ''साहेब, मजुरी बाजाराच्या दिवशी हाती पडते. दुसऱ्या दिवशी तिचं तेल-मीठ झालेलं असतं. म्हणून महिन्याच्या दुसऱ्या बाजाराच्या रात्री आम्ही बसतो. पाच तारीख तुमच्या कॅलेंडरात आहे, आमच्या घरात नाही.''

मी एका बाजाराच्या रात्री त्या गावी गेलो. भांडी घासून बायका नऊनंतर जमल्या. कंदिलापाशी पैसे मोजले गेले. एकीचा मुलगा तापाने आजारी होता. तिचा हप्ता चौघींनी मिळून भरला. ''नाही जमलं तर?'' मी विचारले. एक म्हातारी तडक म्हणाली, ''हाऊ पैसा आम्हना शे!'' थकबाकी बायकांकडे नव्हती, माझ्या तारखेत होती. मी तारीख बदलली. नंतर हप्ता चुकला नाही.

आज खानदेशात छोट्या कर्जाला तोटा नाही. २०११ पासून 'उमेद' आहे, खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या आहेत. मोटारसायकलवर वसुलीला फिरणारी पोरेही याच मातीतली. त्यांच्या डोक्यावर उद्दिष्टाचे ओझे असते, त्यांना दोष कसा द्यावा? पण एकाच घरात तीन-तीन कर्जे शिरली की एकीसाठी चौघी उभ्या राहणे सरते आणि चौघी मिळून एकीच्या दाराशी बसतात. कुटुंबाच्या कर्जांचे हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे. नियम चांगलाच. पण कांदे लावणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला पगारपत्रक कोण देणार? तिच्या घरात किती येते, कोणत्या महिन्यात काहीच येत नाही, हे ठाऊक असलेले माणूस गावात लागते. त्या माणसाच्या मानधनाचा प्रश्न आला की मात्र आपला हात आखडतो.

माझी बदली झाली तेव्हा बचत गटांच्या उत्तम वसुलीबद्दल मला वरिष्ठांचे प्रशस्तिपत्र मिळाले. ते अजून कपाटात आहे. त्यावर नाव माझे आहे.