शुल्झ यांची थरथरती रेघ

'पीनट्स' ही चित्रपट्टी मी किती वर्षं वाचतोय, पण एक गोष्ट फार उशिरा दिसली. शेवटच्या काळातल्या चित्रांत तिच्या नायकाची, चार्ली ब्राउनची रेघ चक्क थरथरते. १९८१च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर तिचे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांचा हात कापायला लागला होता. तरी मदतनीस ठेवला नाही! कल्पना, पेन्सिल, शाई, संवादांच्या फुग्यांतली अक्षरंसुद्धा स्वतःचीच. १९५० ते २०००, एकूण १७,८९७ पट्ट्या. आवडती एस्टरब्रुकची निब बंद होणार कळल्यावर गड्याने उरलेला साठाच विकत घेतला.

शुल्झ यांचे वडील न्हावी, चार्लीचेही न्हावीच. शाळेच्या वार्षिकांकाने चित्रं नाकारल्याची सल त्यांना म्हातारपणापर्यंत होती. जिंकण्यात आनंद असतो, पण हसू हरण्यातून येतं, असं ते मानायचे; म्हणून चार्लीचा पतंग दरवेळी झाडात अडकतो. 'पीनट्स' हे नाव पट्टी वितरित करणाऱ्या कंपनीने लादलेलं, ते त्यांना कधीच आवडलं नाही.

शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली. शुल्झ आदल्याच रात्री गेले होते.